गव्हाणीत काय पडतं, हे कोण मोजणार?

पहाटे साडेपाचला आमच्या गावच्या डेअरीवर रांग लागते. किटली पुढे सरकली की सचिव चमचाभर दूध मशीनच्या नळीखाली धरतो आणि मिनिटभरात चिठ्ठी बाहेर येते. फॅट ३.६, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) ८.५, लिटर एवढे, दर एवढा. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आणि दावणीला चार गायी. बाग एका वर्षी देते, पुढच्या वर्षी घेऊन जाते. किराणा, शाळेची फी, आईच्या गोळ्या हे सगळं मात्र या चिठ्ठ्यांवर चालतं. त्या चिठ्ठीला मी नावं ठेवणार नाही. पण दुधात पाणी किती हे सांगणारी ही चिठ्ठी गाय काय खाऊन आली याबद्दल एक अक्षर बोलत नाही. आणि हा प्रश्न चिठ्ठीच्या आधी किंवा नंतर, कुठल्याच टेबलावर कुणी विचारत नाही.

हे मला कळलं ते एका गायीमुळे. दुसऱ्या वेताची, एचएफ म्हणजे होल्स्टिन जातीची, सोळा लिटरची. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांची घाई होती, त्याच दिवसांत ती आंबोण अर्धवट ठेवू लागली. दूध सोळावरून नऊवर आलं. अंगावरची चकाकी गेली, खुरं वेडीवाकडी वाढली. पाचव्या महिन्यात गाभडली. पुढे तीनदा भरवली, तिन्हीदा उलटली, गाभ राहिलाच नाही. डॉक्टर आले, जंताचं झालं, खनिज मिश्रण झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गर्भपाताच्या रोगाची रक्ततपासणी झाली, ती चांगली आली. आईनं आढ्याला लिंबू-मिरची बांधली. तिला दुसरं काय करता आलं असतं? आम्हा सगळ्यांनाच ठाऊक नव्हतं, ती निदान काहीतरी करत होती. वर्षभरानं गाय बाजारात गेली आणि आलेल्या पैशांत औषधांची उधारीसुद्धा पूर्ण फिटली नाही.

ती गाय विषामुळे खचली असं मी म्हणत नाही. खनिजांची कमतरता असेल, एखादा न सापडलेला जंतू असेल. पण विषामुळे नाही असंही कुणी मला सांगू शकलं नाही, कारण तिच्या पेंडीचा, वैरणीचा, पाण्याचा, रक्ताचा एकही नमुना त्या नजरेनं कधी तपासलाच गेला नाही. माझी तक्रार ती हीच.

गोठ्यात जरा डोळे उघडून पाहिलं तर शंकेला जागा पुष्कळ आहे. आमच्याकडे पेंड मोजायचं माप म्हणजे कीटकनाशकाचा पाच लिटरचा डबा, वरून कापलेला. तीनदा धुतला होता, पण आतल्या कोपऱ्यात पांढुरका थर होता तो होताच. ज्या टाकीत बोर्डोचं मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, कालवलं तिच्या कडेला मोरचुदाची निळी रेघ आहे, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की गायींसाठी त्याच टाकीत पाणी साठवतो. बागेतल्या वांझ फुटी काढल्या की आठवडाभर हिरवा पाला फुकट मिळतो, शेळ्या तर त्यावर तुटून पडतात. बांधावरचं गवत कापताना शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर परवा कुठल्या दिशेला उडत होता हे कोण लक्षात ठेवतं? आणि या सगळ्याला आम्ही एकच शब्द वापरतो: औषध. बागेवर मारतो ते औषध, गायीला टोचतो ते औषध, आईच्या डबीत आहे तेही औषध. शब्द सारखा असला की हातही सारखाच वागतो. कीटकनाशकाच्या डब्याला आम्ही विष म्हणत असतो तर त्यानं पेंड मोजली नसती.

झटपट मारणाऱ्या विषाची ओळख आपल्या भागात सगळ्यांना आहे. उसातल्या हुमणीसाठी टाकलेलं थायमेट जनावराच्या तोंडात गेलं की लाळ, थरथर, श्वासाची घरघर; डॉक्टर वेळेत उताऱ्याचं अॅट्रोपिन घेऊन पोचले तर जनावर वाचतं. त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं, ते योग्यच झालं. असा मृत्यू डोळ्यांसमोर घडतो म्हणून पंचनामा होतो. हळूहळू साठणाऱ्या गोष्टींचा पंचनामा होत नाही. मोरचुदातलं तांबं यकृतात साठत जातं. मेंढीला ते फार लवकर बाधतं, गायीला उशिरा, पण साठा फुटला की दोघींचंही रक्त नासतं. युरियाचा हप्ता दिल्यावर आठ दिवसांत कापलेल्या हिरव्या मक्यात नायट्रेट चढलेलं असू शकतं. ते जास्त झालं तर रक्त तपकिरी पडून जनावर तासांत जातं, थोडं थोडं रोज गेलं तर गाय नुसती 'लागत नाही'. आपण म्हणतो, गाय खराब निघाली.

आता शेजारीच बघा. त्याच दीड एकरातली द्राक्षं युरोपला पाठवायची असतील तर बागेची नोंदणी होते, काढणीआधी नमुना घेतात, प्रयोगशाळेत शेकड्यांनी कीडनाशकांचे अंश शोधतात आणि अहवाल चांगला आल्याशिवाय पेटी कंटेनरमध्ये जात नाही. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे आमच्या बागेतल्या गड्यालाही पाठ आहे. ही शिस्त फुकट आली नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या आपल्याकडच्या लिहोसिनचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हा आमच्या तालुक्यानं मार खाल्ला. ते रसायन तेव्हा तपासायच्या यादीत नव्हतं. नंतर आलं. म्हणजे यंत्रणा उभी करता येते, शेतकरी ती पाळतो, आणि द्राक्षाचा धंदा बुडत नाही. जर्मनीतल्या पोराच्या तोंडात जाणाऱ्या मण्यासाठी एवढं सगळं आहे. माझ्या पोराच्या पेल्यातल्या दुधासाठी, आणि ते दूध देणाऱ्या जनावरासाठी, बांधाच्या या बाजूला काहीच नाही.

हे दुर्लक्ष कुठवर नेतं ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं दाखवून दिलंय, आणि ती हकीकत आपल्या प्रत्येक दूध संघाच्या सभेत सांगायला हवी असं मला वाटतं. १९७३ साली तिथली एक रसायन कंपनी एकाच आवारात दोन वस्तू बनवायची. एक 'न्यूट्रीमास्टर', म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, दुभत्या गायींच्या खाद्यात घालायचं. दुसरी 'फायरमास्टर', प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळायचं पीबीबी नावाचं रसायन. नावं जवळजवळची, पोती सारखीच दिसणारी. फायरमास्टरची काही पोती पशुखाद्याच्या कारखान्यात गेली आणि खाद्यात मिसळली गेली.

त्या शरद ऋतूत रिक हाल्बर्ट नावाच्या दूध उत्पादकाच्या गायींनी खाणं सोडलं. दूध घसरलं, वजन उतरलं, खुरं वाढून वाकडी झाली, गर्भ पडू लागले. (खुरांचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गोठ्यात जाऊन बसलो होतो.) खाद्य विकणाऱ्यांनी त्यांना आणि इतरांनाही सांगितलं की तक्रार तुमची एकट्याचीच आहे, गोठ्याची व्यवस्था सुधारा. हाल्बर्ट यांच्याकडे रसायन अभियांत्रिकीची पदवी होती. त्यांनी तेच खाद्य काही वासरांना देऊन पाहिलं, वासरं मेली. पदरचे पैसे घालून ते प्रयोगशाळांची दारं ठोठावत राहिले. शेवटी सरकारी संशोधन केंद्रातल्या एका शास्त्रज्ञानं रसायन ओळखलं, तेही त्यानं आधी याच पदार्थावर काम केलं होतं म्हणून. तोवर १९७४ चा वसंत उजाडला होता. मधल्या महिन्यांत ते दूध, ते मांस, ती अंडी राज्यभर खाल्ली गेली. पुढे सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्यांच्या शरीरात पीबीबी गेलं त्या माणसांची तपासणी पन्नास वर्षांनंतरही चालू आहे.

त्यातला मला सगळ्यात जड गेलेला भाग निराळाच आहे. सरकारनं गायीच्या चरबीत किती पीबीबी चालेल याची मर्यादा ठरवली: आधी दशलक्षात १ भाग, काही महिन्यांत ०.३ भाग, आणि पुढे १९७७ साली राज्यानं ०.०२. ज्यांच्या गायी मर्यादेच्या वर त्यांचा कळप मारला, भरपाई मिळाली. ज्यांच्या गायी मर्यादेखाली पण आजारी, ते मधेच अडकले. गाय खंगतेय, दूध नाही, आणि कागद म्हणतो सुरक्षित. अशा एका शेतकऱ्यानं खटला भरला, वर्षभराहून जास्त चालला, आणि तो हरला. एवढ्या कमी प्रमाणानं गायी आजारी पडल्याचं न्यायालयाला पटलं नाही. थोड्या मात्रेचा दीर्घ परिणाम सिद्ध करणं विज्ञानालाही अवघड जातं हे मी मान्य करतो. पण म्हणूनच आधीपासून नोंदी हव्यात. आजारी पडल्यावर जमवलेला पुरावा नेहमी अपुराच पडतो, आणि अपुऱ्या पुराव्याचा तोटा दर वेळी गोठेवाल्याच्या अंगावर येतो.

पीबीबी, डीडीटी, डायॉक्सिन ही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. गाय व्यायली की पहिले दोन-तीन महिने ती खाते त्याहून जास्त देते. आपण म्हणतो गाय 'दुधात उतरली', पाठीवरचं मांस गेलं. ती चरबी वितळून कासेत येते आणि तिच्याबरोबर साठलेलं रसायनही येतं. गायीचं शरीर स्वतःला स्वच्छ करतं ते दुधाच्या वाटेनं. पहिला वाटेकरी वासरू, दुसरे आपण. आपल्याकडे डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली थांबला, पण अशी द्रव्यं मातीत दशकानुदशकं राहतात. आणि दर फॅटवर ठरतो! ज्या स्निग्धांशाला आपण पैसे मोजतो त्याच्यातच हे बसलेलं असतं, तरी त्यात आणखी काय आहे ते आपण बघत नाही.

आपल्या सांगली-साताऱ्यात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मात्र कारखान्यातल्या रसायनाची नाही, बुरशीच्या विषाची. अफ्लाटॉक्सिन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गावांत भिजलेल्या कडब्याच्या गंज्या, फुगलेली पेंडीची पोती मी पाहिली आहेत. माणसांनी ती वाळवून जनावरांना घातली, कारण दुसरं काही नव्हतं. अवकाळीत सापडलेला मका, सरकी पेंड, नीट न दाबलेला मुरघास, सगळीकडे ही बुरशी बसते. गाय ते खाते, तिचं यकृत त्यातल्या बी-१ या प्रकाराचं एम-१ करतं आणि साधारण शंभरातले एक ते तीन भाग, जास्त दुधाच्या गायीत त्याहूनही थोडे अधिक, दुधात उतरवतं. दूध उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननंही जात नाही. गायीवर त्याचा परिणाम हळू होतो. यकृत थकतं, भूक मंदावते, प्रतिकारशक्ती उतरते. लस टोचूनही आजार होतो, कासदाह परत परत येतो, मग अँटिबायोटिक, मग दुधात त्याचेही अंश.

२०१८ साली देशभर दुधाचं सरकारी सर्वेक्षण झालं, ६,४३२ नमुन्यांचं. पाण्यापलीकडची घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र मर्यादेपेक्षा जास्त ५.७ टक्के नमुन्यांत होतं, अँटिबायोटिकचे अंश १.२ टक्क्यांत. आपल्या बातम्यांत मात्र वर्षानुवर्षं युरिया आणि डिटर्जंटचं दूध गाजतं, दूध घालणाऱ्याकडे चोर म्हणून बघितलं जातं. खरा प्रश्न पेंडीच्या पोत्यात आहे, आणि तिथं फसवला जाणारा पहिला माणूस शेतकरी आहे.

वाईट याचं वाटतं की हे सहज सुटण्यासारखं आहे. पीबीबी गायीत वर्षानुवर्षं राहतं. अफ्लाटॉक्सिनचं तसं नाही, खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं. म्हणजे सोमवारी कळलं तर शुक्रवारी दूध चांगलं. फक्त सोमवारी कळायला हवं.

कायद्यात इथंच भोक आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्न' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात पशुखाद्य येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. दुधात एम-१ किलोला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर दूध दोषी. ते ज्या पोत्यातून आलं ते पोतं त्या कायद्यातल्या 'अन्ना'च्या व्याख्येबाहेर. दुभत्या जनावरांच्या तयार खाद्यासाठी भारतीय मानक आहे, त्यात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, पण पोत्यावर मी वाचतो ते प्रथिनं आणि स्निग्धांशाचे टक्के. हा लॉट कधी तपासला, किती निघालं, हे छापलेलं पोतं माझ्या गोठ्यात आजवर आलेलं नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक गावच्या बल्क कूलरमधला, म्हणजे गावचं दूध एकत्र थंड ठेवायच्या टाकीतला, एक नमुना आठवड्याला तपासला जावा, अफ्लाटॉक्सिन आणि अँटिबायोटिकसाठी. पट्टीवरच्या चाचण्या आता आहेत, काही शे रुपयांत होतात. लिटरमागे पाच पैसे बाजूला काढले तर दोन हजार लिटरच्या गावात दिवसाला शंभर, महिन्याला तीन हजार रुपये जमतात. ते पैसे संघानं आणि सरकारनं घालावेत, शेतकऱ्याच्या बिलातून कापू नयेत. कीडनाशकं आणि जड धातूंची महागडी तपासणी वर्षातून दोनदा, छाटणीनंतर आणि उन्हाळ्यात, पाण्याच्या नमुन्यासह व्हावी. पाण्याचं मुद्दाम म्हणतो, कारण ताकारी-म्हैसाळच्या योजनांनी कृष्णेचं पाणी आता नदीपासून किती तरी लांबच्या दावणीपर्यंत पोचवलंय, आणि वर नदीत जे सोडलं जातं त्याचा हिशेब खालच्या गायीनं द्यावा हे बरं नाही.

जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला आहेच. २०२४ मध्ये लिटरला पाच रुपये अनुदान दिलं तेव्हा सरकारनं त्याच बिल्ल्यावर गाय मोजली. त्याच क्रमांकावर गाभडणं, उलटणं, कासदाह, कुठलं खाद्य चालू होतं, एवढं नोंदवलं तर एका गावातल्या अकरा गायी एकाच महिन्यात गाभडल्या हे संगणकाला दिसेल. आज प्रत्येक जण आपापल्या गोठ्यात एकटा असतो, मिशिगनमधल्या शेतकऱ्यांना जसं सांगितलं होतं तसा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांना ते जवळ पडतं. तिथं गोठेवाल्याला थेट नमुना देता येईल आणि परवडेल अशा दरात विषतपासणी होईल असा कक्ष उभा राहिला तर नाना पाटलांच्या मुलखाला शोभेल.

यावर मला डेअरीच्या कट्ट्यावर मिळालेलं उत्तर असं: गप्प बस, अहवाल बाहेर फुटला तर गावाचं दूध कोणी घेणार नाही. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. दर आधीच पडलेला, त्यात बोभाटा झाला तर मरण आमचंच. म्हणून माझी अट आहे की नमुना वाईट निघाला तर पहिलं पाऊल दंडाचं नसावं. गोठ्या-गोठ्यात शोध घ्यावा, खाद्य बदलून द्यावं, त्या चार दिवसांच्या दुधाचे पैसे द्यावेत. दंड झाला की माणूस लपवतो. लपवलेलं दूध दुसऱ्या रस्त्यानं जातं, ते थांबत नाही.

दुसरं उत्तर असं की फवारणी करणारे तुम्हीच, मग ओरडता कशाला. हो, आम्हीच करतो. डबा कापून माप मीच केलं होतं. पण कुठलं औषध मारल्यावर किती दिवस त्या बांधाचं गवत गायीला घालू नये हे मला कुणी सांगितलं? द्राक्षासाठी तो तक्ता भिंतीवर आहे. वैरणीसाठी दुकानदाराकडे नाही, कृषी सहायकाकडे मी मागितला तर त्यांच्याकडेही नव्हता. दोन खाती, दोन इमारती, पिकाचं एकीकडे आणि जनावराचं दुसरीकडे. शेतात मात्र बाग आणि गोठा यांच्यात दहा पावलांचं अंतर आहे.

जनावराच्या शरीरात राहिलेलं औषध कुठं जातं याचा धडा आपण एकदा घेतलाय. सूज उतरायला गुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जायचं. ती गुरं मेली, गिधाडांनी खाल्ली, आणि काही वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आजोबांच्या बोलण्यात गावाबाहेरच्या हाडोळ्यावर उतरणारी गिधाडं असायची, मी एकही पाहिलेलं नाही. तिथं निदान पक्षी पडलेले दिसले. आमच्या गोठ्यात पडलेलं असं काही दिसत नाही, एक गाय बाजारात जाते, दुसरी येते.

डब्याचं माप मी टाकून दिलं, स्टीलचं आणलं. बोर्डोची टाकी वेगळी केली. प्रत्येक पोतं फोडलं की त्यातली मूठ-दोन मूठ पेंड काचेच्या बरणीत भरतो, वर चिकटपट्टीवर तारीख आणि लॉट नंबर लिहितो. गोठ्याच्या कोनाड्यात आता चौदा बरण्या आहेत. परवा त्यातल्या एकीत कडेला हिरवट धागे दिसले. त्या पोत्यातली पेंड केव्हाच खाऊन झालीय, आणि जिनं खाल्ली ती कालवड पहिलटकरीण आहे, सातवा महिना चालू आहे. ती बरणी घेऊन मी तालुक्याला दोन ठिकाणी गेलो. दोन्हीकडे लोक सभ्यपणे बोलले, दोन्हीकडे पुण्याचा पत्ता दिला. तपासणीचा खर्च विचारला तर कालवडीच्या महिनाभराच्या खाद्याएवढा निघाला. बरणी परत कोनाड्यात ठेवली आहे, झाकण मेणानं बंद करून.